ओ निगेटिव्हची यादी

सोम. ८ मे २००६
साइट मेली. पांढऱ्या पानावर एकच इंग्रजी ओळ: डेटाबेसशी संपर्क होत नाही. अडीचशे रक्तदाते, त्यांचे ग्रुप, फोन, सगळं त्यातच. कागदावर काही नाही. कागद हरवतात, साइटवर भरा, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले.
शुक्रवारी कविताच्या कोमलला रक्त चढवायचंय, ओ निगेटिव्ह.

मंगळ. ९
कॅम्प २ला हरेशभाईच्या दुकानावर गेले. सर्व्हरवरची जागा त्याच्याकडून घेतली होती. दुकानाला कुलूप. शेजारचा पडदेवाला म्हणाला, "वो तो गया भाभी, फॅमिली लेके. इंदौर." मोबाइल बंद. कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड त्याच्याकडे. माझ्याकडे फक्त फायली चढवायचं लॉगिन.
कविताकडे न जाताच परतले. आम्ही दोघी एकाच क्लासमध्ये टायपिंग शिकवायचो. तिची कोमल सहा महिन्यांची असताना थॅलेसेमियाचा रिपोर्ट घेऊन ती माझ्यासमोर बसली होती. साइट त्यावरूनच सुचली. आता कोमल नऊची. दर तीन आठवड्यांनी रक्त.

बुध. १०
सकाळी लाइट नाही. स्टेशनजवळच्या सायबरमध्ये बसले. होस्टिंग कंपनीची मेल: सर्व्हर बदलला आहे, आपल्या विक्रेत्याशी बोला. विक्रेता इंदौरला.
सेटिंगच्या फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव होतं. ते काढून localhost, म्हणजे 'हाच सर्व्हर', टाकलं. आता वेगळी ओळ: युजरनेम किंवा पासवर्ड चूक. म्हणजे दार सापडलं, आत घेत नाहीत. तेवढ्यावर हसले. सायबरवाला बघत राहिला.

गुरु. ११
नव्या सर्व्हरवर युजरनेमच्या आधी खात्याचं नाव जोडतात म्हणे. जोडलं. नाही. कॅपिटलमध्ये. नाही.
घरी विलास म्हणाले, "सरळ रक्तपेढीला फोन कर ना." तीन ठिकाणी केला. ओ निगेटिव्ह नाही. मे महिना, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत. एक जण म्हणाला, डोनर घेऊन या, लगेच घेतो.
कविता फोनवर: "तेरे पास लिस्ट है ना, सुजाता?"
हो म्हणाले.

शुक्र. १२
रक्त मिळालं नाही. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. कविताकडे गेले. कोमल दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेली. "आंटी, दो माले चढे तो बैठना पडता है." ओठ पांढरे. हात धरून वर नेलं. कविताला खरं सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली.
मी बी पॉझिटिव्ह. विलासही. काय उपयोग.

शनि. १३
कंपनीला एसटीडी लावला. तिथली मुलगी तेच तेच बोलत होती: खातं ज्याच्या नावावर आहे त्यांनाच माहिती देऊ शकतो. मी ओरडले. नऊ वर्षांची पोर, ओठ पांढरे, काय काय बोलले आठवत नाही. ती मग हळू आवाजात: "मॅडम, युजरनेम सोळा अक्षरांच्या पुढे चालत नाही. तुमचं कापलं गेलं असेल. एवढंच सांगते."
बोटांवर मोजलं. सोळा. पुढचं खोडलं.
उघडली!
पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. पत्त्यांच्या जागीही. मराठीत भरलेलं सगळं हलवाहलवीत गेलं. ग्रुप आणि फोन इंग्रजीत, ते शाबूत. ओ निगेटिव्ह चार.
पहिला नंबर अस्तित्वात नाही. दुसऱ्यावर म्हातारे गृहस्थ, मुलगा दुबईला. तिसऱ्याची रिंग वाजतेय. चौथ्यावर बाई.
"कोण पाहिजे?"
नाव कुठून सांगू? म्हटलं, "तुमच्याकडे ज्यांचं रक्त ओ निगेटिव्ह आहे, ते."
मग, "आमचे हे. बदलापूरला कामावर गेलेत, मोबाइल घरीच राहिला. उद्या येतील. पण त्यांना मध्ये कावीळ झाली होती... चालेल का?"
मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हटलं.

रवि. १४
काविळीचं विचारायला रक्तपेढीला फोन लावतेय, कोणी उचलत नाही. तिसऱ्या नंबरवर अजून रिंगच.
खाली रिक्षा थांबली. कविता, कोमलला कडेवर घेऊन. नऊ वर्षांची मुलगी कडेवर. दार उघडायला जाते.