कमरेची गादी आणि कानबाईची चुंबळ

१२ जून, गुरुवार
कमरेची गादी सरकलीय. वर्षानुवर्षं वाकून साड्यांना खडे चिकटवल्याचं फळ. इथल्या गुजराती फिजिओबेनने चिनी व्यायाम दिला. गुडघे सैल, पाठ सरळ, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर, हात ढगासारखे. वजन उचलायचं नाही. म्हटलं, श्रावणात आमच्या कानबाई देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला न्यायचाय. थोरली सून म्हणून बावीस वर्षं मीच घेते. म्हणाली, "जोईशुं." बघू म्हणे. दवाखान्यातलं बघू काय असतं ते मला कळतं.

१६ जून, सोमवार
वीस मिनिटांचं पाच मिनिटांत उरकलं. फिजिओबेन ओरडली, "धीमे बेन, उतावळ शानी?" घाई कसली म्हणे. हाताला साड्या उरकायची सवय, त्याला मी काय करू?
घरी गच्चीवर करत होते, तर जिन्यातून आमचे हे : "काय वं, कानबाई आतेच आंगमा उनी का?" अंगात आलंय म्हणे माझ्या.

२ जुलै, बुधवार
हळू जमतंय. आज खाली बसून आधाराशिवाय उठले. कुणाला सांगितलं नाही. नजर लागते.

२० जुलै, रविवार
घरात कुणी नाही बघून डोक्यावर चुंबळ, तीवर पाट, पाटावर भरलेली कळशी. चार पावलं बरी गेली. पाचव्याला कमरेपासून टाचेपर्यंत कळ. कुठून आली देव जाणे, धाकट्या जावेने, रेखाने, कळशी धरली. मूर्खपणा माझा. तिने घरात सांगितलं नाही. तेच जास्त लागलं.

२४ जुलै, गुरुवार
रेखा आता गच्चीवर येते, शेजारी उभी राहून हात हलवते. "माझीपण कमर दुखते, ताई." काही दुखत नाही हिची. चौरंगावर डोळा आहे. दिवसभर बोलले नाही तिच्याशी.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. नैवेद्याचे रोट झाले. सासूबाई सगळ्यांदेखत : "सकाय कोन लेई वं?" उद्या चौरंग कोण घेणार म्हणे. मी भाजी ढवळत राहिले.

४ ऑगस्ट, सोमवार
बँडवाले दारात. चुंबळ मीच घेतली, रेखाच्या डोक्यावर ठेवली, तीवर चौरंग. ती रडली. मीपण.
मेली बँडच्या ठेक्यावर पळायलाच लागली. ओरडले, "धीमे! गुडघे सैल!" मग चालली नीट. तापीपर्यंत शेजारी होते, रिकाम्या डोक्याने. वाईट वाटलं. फार.

५ ऑगस्ट, मंगळवार
चुंबळ ओट्यावरच पडलीय. माझ्या फडताळात ठेवायची की तिच्या, कुणी विचारत नाही.
गच्चीवर गेले तर रेखा आधीच उभी. म्हटलं, कानबाई गेली, आता कशाला आलीस?
"कमर दुखते, ताई."
आज खरंच दुखत असेल.