कवडीनं घोटलेले ताव

श्रावण शु. ३, शके १८२९. जुन्नर

अकराची घंटा झाली, यमू शाळेत गेली. पाट मांडला. पाचच्या घंटेपर्यंत जेमतेम वीस ताव दगडानं घोटून गुळगुळीत झाले, दोन फाटले. पावसानं कागद सर्द झालाय. दगड फिरवला की खळ सुटते नि बोटांना चिकटते. कोपरापासून पुढचा हात माझा नाहीच, कुणाचा तरी मागून आणलाय असं वाटतं.

फाटलेले ताव कापून ही रोजनिशी शिवलीय. शेटजींच्या वहीला जो चालत नाही तो कागद मला चालतो.

श्रावण शु. ५

नागपंचमी. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. घोटायचं की नाही ते कोणत्या पोथीत सांगितलंय कोण जाणे. शाळेलाच सुट्टी, तेव्हा काम आपोआप बंद. यमू घरात असली की पाट काढायचा नाही, हा माझा नियम. तिला वाटतं आई दिवसभर निवांत असते. वाटू दे.

कोपराला तेल चोळत बसले. कोपरापुरता सण बरा झाला.

श्रावण शु. ९

केसरबाई येऊन कागद बघून गेल्या. शेटजींच्या मातोश्री. (पुढं नुसतं के. लिहीन, शाई वाचेल.) ताव उजेडाकडं धरून एकेक पाहतात. नजर अधू झालीय, पण बोटांना डोळे आहेत.

हे काम मला मिळालं ते त्यांच्यामुळंच. ह्यांनी शेटजींच्या पेढीवर मित्रासाठी जामीन राहून सही ठोकली. मित्र खानदेशात गेला म्हणतात, सहीचा कागद मात्र जुन्नरातच राहिला. आकडा इथं लिहीत नाही. लिहिला की वाढतो असा अनुभव आहे. लक्ष्मीपूजनापर्यंत व्याज भागलं नाही तर घराची किल्ली शेटजींना द्यायची, असं ठरलंय. तेव्हा के. मुलाला म्हणाल्या, "दिवाळीच्या नव्या वह्यांचे ताव हिच्याकडून घोटून घे, ते व्याजात धर." मुलगा आईपुढं बोलत नाही. तेवढं एक बरं आहे त्या घरात.

के.च्या अटी दोन. खळ रोजची ताजी, शिळी नको, शिळ्यात जीव होतात. आणि घोटायचं ते दगडानं. "कवडीनं नाही हं, बाई. कवडी म्हणजे जिवाचं हाड. त्यावर आम्ही श्री लिहायचा?"

मी म्हटलं, "दगडानंच." तेव्हा ते खरंच होतं.

श्रावण व. १

पेठेहून हे आले. मुलांच्या शाळेत मास्तर, महिन्यातून एकदा घरी, तेही चिखल तुडवत. पगार हातात येण्याआधीच वाटेला लागलेला असतो. आल्यावर माझा हात बघितला. जेवताना म्हणाले, "नाहीच जमलं तर डिंभ्याला दादाकडं जाऊ. भात आहे, नाचणी आहे, उपाशी तर राहणार नाही."

मी विचारलं, "डिंभ्याला मुलींची शाळा आहे?"

मास्तर माणूस. उत्तर येत नसलं की पाटीकडं बघायची सवय, इथं ताटाकडं बघितलं.

यमू चौथीत आहे. तिचं अक्षर बघून तिच्या बाई म्हणतात, हिला पुढं पुण्याला ट्रेनिंगला पाठवा, मास्तरीण होईल. डिंभ्याला गेली तर दोन वर्षांत भातलावणीला उभी राहील, नि चौथ्या वर्षी लग्न होऊन तिसऱ्याच घरी. एवढंच आहे सगळं. बाकी घर गेलं काय, राहिलं काय, गळतंच आहे.

श्रावण व. ६

दगड फुटला.

माझ्याच हातून. खळ ढवळायला उठले, ओल्या हातानं उचलला, तो जात्यावर पडला. टवका उडाला. त्याच्यानं घोटलं की तावावर ओरखडा उठतो. चांगला अकीक होता, रहिमाबीच्या सासऱ्याच्या वेळचा. रहिमाबी म्हणजे कागदीवाड्यातली. तिच्या घरचे कागद करतात, कोरे ताव मी तिच्याकडून आणते. दगडही तिचाच.

बसून रडले. मग यमूची घंटा झाली म्हणून तोंड धुतलं.

श्रावण व. ७

रहिमाबीला तोंड दाखवायला गेले. शिव्या देईल वाटलं होतं. म्हणाली, "फुटला तर फुटला. आगं, दगड व्हता, नवरा न्हवता." दुसरा अकीक मुंबईहून यायचा, तिचा भाऊ आणील तेव्हा. महिना तरी. तोवर?

फडताळातून मुठीएवढी मोठी कवडी काढून दिली. गुळगुळीत, पिवळट, पाठीवर ठिपके. "माजी सासू जलमभर ह्यानंच घोटायची. लई झकास चकाकी येती."

"केसरबाईंना कवडी चालत नाही."

"त्या काय तुज्या खिडकीत बसल्यात व्हय? घोटल्यावर दगुड कंचा नि कवडी कंची, माज्या मालकाला बी कळत न्हाई."

घेऊन आले. पदराखाली लपवून, चोरून आणल्यासारखी.

नदीवरचे गोटे पण घासून पाहिले. चार गोटे, चार ताव, चारी खराब.

श्रावण व. ९

कवडी फार सुरेख चालते. हे लिहायला लाज वाटते, पण चालते. हाताला हलकी, कोपर दुखत नाही. निम्म्या वेळात ताव होतो. देवानं नको तीच वस्तू सोयीची का केली असेल?

मनाला सांगितलं, हे ताव वेगळे ठेवायचे. नवा दगड आला की त्यावरून पुन्हा दगड फिरवायचा. म्हणजे वरचा घोट दगडाचा. हे गणित कुणाला पटेल? मला पटलं, अडलेल्याला पटतं.

भाद्रपद शु. ५

के. जैन, त्यांचं पजूसण, पर्युषणाचं व्रत, काल संपलं. आठ दिवस उपास, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. आज सकाळी पारण्याआधीच काठी टेकत आल्या. मला वाटलं, ताव बघायला. कवडी पाटाखाली सारली.

त्यांनी उंबऱ्यात उभं राहून दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं. वर्षभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं तुला दुखवलं असेल तर क्षमा कर, बेटी."

आम्ही त्यांचे देणेकरी. त्यांच्या मुलानं ह्यांना पेढीच्या पायरीवर दोन तास बसवून ठेवलं होतं एकदा. आणि ही म्हातारी उपाशी पोटी माझ्यापुढं हात जोडते. समोरच्यानंही तसंच म्हणायची रीत आहे. मीही हात जोडले, "मलाही करा," एवढंच म्हटलं. कशाची ते सांगितलं नाही.

गेल्यावर पाटाखालून कवडी काढली आणि घोटायला बसले. तेच ते हात.

भाद्रपद व. १०

नवा अकीक आला. पण घोटाळा झालाय. परवा कोपऱ्यात गळायला लागलं, यमूनं बिचारीनं शहाणपणानं दोन्ही गठ्ठे उचलून फळीवर ठेवले. एकावर एक. आता कोणता ताव दगडाचा नि कोणता कवडीचा, ब्रह्मदेवाला कळणार नाही. उजेडाकडं धरून पाहिले, गालाला लावून पाहिले. सगळे सारखे.

यमूवर ओरडले. ती म्हणाली, "आई, भिजले असते ना गं." खरंच भिजले असते.

सगळ्यांवरून पुन्हा दगड फिरवायचा तर शिमगा उजाडेल. नाही फिरवला.

आश्विन शु. १०

दसरा. ताव रहिमाबीच्या मालकानं शिवून वह्या केल्या. लाल खारव्याची बांधणी, प्रत्येक तावाला खात्याच्या रकान्यांसाठी घडीचे सळ पाडलेले. दिसायला देखण्या. स्वतः नेऊन दिल्या.

के. वह्यांवर हात फिरवत राहिल्या. "खळ ताजी?"

"ताजी." (खरं.)

"दगडानंच ना?"

"दगडानंच."

पटकन आलं तोंडातून. अडखळले असते तर बरं झालं असतं. शेटजी म्हणाले, लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडू तेव्हा या वर्षाचं व्याज भागलं असं पहिल्याच पानावर लिहू. ह्यांना पेठेला पत्र टाकलं: डिंभ्याला कळवा, येत नाही म्हणून. यमूला सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं तर तिनं त्याच्यावर टाकानं नाव लिहिलं. एवढं बारीक अक्षर!

आनंद व्हायला पाहिजे. झोपावंसं वाटतंय नुसतं.

आश्विन व. ५

के.नी घरी बोलावलं. शेजारणींपुढं म्हणाल्या, "ह्या वेळची पूजा शुद्ध होणार. हिच्या हातात हिंसा नाही." आणि मला, "नजर गेली गं माझी. पहिल्या पानावर श्रीचा डोंगर यमूकडून लिहून घेऊ. पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात." एका श्रीखाली दोन, दोनाखाली तीन, असा लिहितात त्यांच्यात.

लबाडी माझी, आणि तिच्यावर श्री लिहायचा माझ्या मुलीनं.

घरी आले तर यमू ओट्यावर मैत्रिणींबरोबर खेळत होती. मधोमध ती कवडी! फडताळात सापडली म्हणे. "आई, ही केवढी मोठी! केसरआजींना दाखवू?"

हिसकावून घेतली. पोरगी बघतच राहिली. कवडी हिसकावणारी आई तिनं कधी पाहिली नव्हती.

आश्विन व. ८

रहिमाबीला सांगून टाकलं, मला बोलायचंय केसरबाईंशी. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुजी उघडलीस तर फुटकी कवडी बी न्हाई निघायची."

मी म्हटलं, कवडीच निघेल. दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं, तर तिनं पाणी आणून दिलं. मी ते घेतलं नि प्यायले. घरात कुणाला कळलं तर वेगळंच पुराण. आता एवढं काय.

ह्यांना विचारावं तर पेठ लांब. आणि विचारलं तरी ताटाकडं बघतील.

आश्विन व. ११

सांगितलं.

उद्यापासून शाळेला दिवाळीची सुट्टी. म्हणून आजच, अकराची घंटा झाली नि निघाले. के. माळ ओढत होत्या. एका दमात सांगितलं. दगड कसा फुटला ते सांगितलं. कवडी कुणाची ते नाही, मी आणली म्हटलं. गठ्ठे मिसळले ते सांगितलं. दसऱ्याला खोटं बोलले तेही.

माळ थांबली. मग, "किती ताव?"

"निम्मे. कोणते ते सांगता येत नाही."

"म्हणजे सगळेच."

गड्याला हाक मारून सगळ्या वह्या उतरवल्या, माझ्यापुढं ठेवल्या. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "पजूसणाला मी क्षमा मागायला तुझ्या दारात आले होते. तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा नुसता कागद होता. आज देवाच्या पाटावर चढायला निघाला होता."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

निघताना म्हणाल्या, "पूजेला एक तरी वही लागते. अमावास्येच्या दुपारपर्यंत एका वहीचे ताव आण. दगडाचे. तोवर मुलाला सांगत नाही. पुढं तो काय लिहील ते त्याच्या हातात, माझ्या नाही."

एका वहीला किती ताव लागतात ते मला ठाऊक आहे. माझ्या एका हातानं होत नाहीत.

आश्विन व. १२

वसुबारस. रहिमाबीनं कोरे ताव उधार दिले. "येडी हायेस तू," म्हणाली, नि वर तिच्या घरच्यांचा रोजच्या कामातला दगड तीन दिवसांपुरता दिला, टवका न उडालेला. "शिवायचं काम माजा मालक उभ्याउभ्या करून दील. तू घोट."

शाळेला सुट्टी. घंटा नाही. यमू घरात. पाट काढायचा नाही हा नियम, पण आज कुठला नियम? तिच्यादेखत पाट मांडला. तिनं पाटाकडं पाहिलं, माझ्या कोपराकडं पाहिलं, फडताळाकडं पाहिलं. पोर हुशार आहे. दुसरा दगड उचलून समोर बसली.

"तू नको. हाताला घट्टे पडतात, मग टाक धरवत नाही."

"तीनच दिवस आहेत ना गं आई."

नको म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. एकटीनं होत नाहीत, हे मला माहीत आणि तिलाही. दगड कसा धरायचा ते दाखवलं. मधून कडेकडं, हात उचलायचा नाही, दाब सारखा.

दिवे लागायच्या आत तिचे तेरा झाले. माझे अकरा. तिचा एकही फाटला नाही. गालाला लावून पाहिले, लोण्यासारखे. पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा छान घोटते.

हेच मला बघायचं नव्हतं.