झोळीची दोरी

पुणे, मंगळवार

माय,

तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, बालगृहात कामावर जेवण वेळेवर मिळतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

इथे चार वर्षांची एक मुलगी आलीय, घरच्यांनीच मारलेली. पडली तरी रडत नाही. मॅडम म्हणतात, हाकेला कुणी धावून येतं हे कळलं, तरच लेकरू रडतं.

मला आपलं शेत आठवलं. आपला धाकटा ललित तान्हा होता. कापूस वेचताना तू त्याच्या झोळीची दोरी कमरेला बांधायचीस. तो हलला की, तू इथेच आहेस हे त्याला कळावं म्हणून लांबूनच म्हणायचीस, "मी आठेच शे रे."

आता दुपारी त्या मुलीला निजवताना मी ओढणीचं एक टोक तिच्या हातात देते, दुसरं माझ्या मनगटाला बांधते. तेरा दिवस ती नुसती बघत राहिली.

काल ओढणीला हिसका बसला. माझ्या तोंडून तुझेच शब्द निघाले, आणि माय, ती भोकाड पसरून रडली.

तुझी लेक,
दिपाली