दाराबाहेरची खुर्ची

३ मे

ती. आत्या हिस,

भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली मिळाली, खाट मिळाली, खाटेखाली माझ्या आधीच्या कुणाची तरी एक चप्पल मिळाली. दुसरी शोधायचा कंटाळा आला. फोनवर मी छान चाललंय म्हणून मोकळी होते, म्हणून तू पत्रच लिहायला सांगितलंस. तर ऐक, अजून छान वगैरे काही नाही. पाय दुखताहेत आणि या संशोधन संस्थेत सगळीकडे जिनेच जिने आहेत.

सरांनी पहिल्या दिवशी तुझं शिफारसपत्र समोर ठेवून मला विचारलं की हे खरंच तुझ्या आत्यानं लिहिलंय का. मुलगी माझी भाची आहे, तेव्हा मी केलेल्या कौतुकातून चार आणे वजा करून वाचावं, असं कोण लिहितं गं? ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, अशी पत्रं शेकड्यानं येतात, पण वजाबाकी करून आलेलं हे पहिलंच. त्या चार आण्यांनी मला आत घेतलं म्हणायचं.

काम असं आहे. काचेच्या पेटीत केसासारख्या बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली आहे आणि दांडीवर इवलासा आरसा. आरशावरून प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर पडतो. सकाळी आल्याआल्या ठिपक्याची जागा टिपायची, मग तारेला पीळ द्यायचा, सोडायचा आणि दांडी हेलकावे खाऊन थांबेपर्यंत पेटीला खेटून बसून राहायचं. ठिपका परत मूळ जागी येतो का, एवढाच प्रश्न. जुन्या तारांना पीळ दिला की त्या थोड्या हटून बसतात, आणि कशाही हटतात. ही नवी तार भट्टीत तापवून हळूहळू निववलेली आहे. ती तरी शहाण्यासारखी वागते का, ते बघायचं. आत्या, दिवसभर मी बसलेली असते. भिंगरी नाव ठेवलंस, आता ये बघायला.

आम्ही दोघं आहोत. दुसऱ्याला मी मनातल्या मनात घड्याळ म्हणते, कारण तो वेळेवर येतो, वेळेवर जातो आणि मधे टिकटिक करत असतो. सुट्टी संपल्यावर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एकालाच ठेवणार आहेत. बाबांचं तर तुला माहीतच आहे. इथे जागा मिळाली तर फिजिक्स, नाहीतर बँकेच्या परीक्षेचा क्लास. निघताना त्यांनी क्लासची पहिली तारीखही सांगून ठेवली.

गुडघ्यांना जप. पत्र लवकर लिही, म्हणजे माझाही इथे जीव रमेल.

तुझी,
भिंगरी

१० मे

चि. भिंगरी हिस,

आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. बसायला शिकते आहेस हे बरंच झालं, तुझ्या आईला ते वीस वर्षांत जमलं नाही. जिन्यांची तक्रार मात्र मला सांगू नकोस, माझे गुडघे तुझ्या वयाचे नाहीत.

चार आणे वजा करायचे नाहीत तर काय करायचं? दरवर्षी मी आपल्या कॉलेजातल्या पोरांसाठी पत्रं लिहिते. हुशार आहे, मेहनती आहे, संधी मिळाली तर सोनं करील. वर्षानुवर्षं तेच सोनं. बहुतेकांना उत्तरही येत नाही. मग ती पोरं शेवटच्या वर्षाला कपाटातला जुना प्रकल्प काढतात, वर नवीन कागद लावतात, आणि मी तो पुन्हा एकदा तपासते. लोलकाचा एक प्रकल्प तर माझ्या हातून इतक्यांदा गेलाय की त्यातली चूकसुद्धा ओळखीची झाली आहे. ती दुरुस्त करायची इच्छा राहिलेली नाही. माझंही निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष उरलंय. ते शांतपणे बसून काढावं एवढंच मनात आहे.

दादा परवा येऊन गेला. लेकीचं नाव काढलं नाही, पण संस्थेत दिवे किती वाजता बंद होतात ते मात्र विचारून गेला. तो बोलतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरं, लहानपणापासून. तू मन लावून काम कर. जागा मिळो न मिळो असं मी म्हणणार नाही. मिळायलाच हवी असं मला वाटतं, आणि ते लपवण्याइतकी उमेद आता नाही.

आठवण ठेव आणि जेवत जा.

तुझी,
आत्या

१९ मे

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि.

बसल्या जागी नाच! ठिपका रोज डावीकडे थांबतो. रोज तेवढाच, रोज त्याच बाजूला. सर म्हणाले, हटणाऱ्या तारा पुष्कळ पाहिल्या, पण इतकी शिस्तीत हटणारी पाहिली नाही, आणि हटणं ठरलेलं असेल तर ते हिशेबात धरता येतं. येत्या बैठकीत सगळ्यांसमोर मी बोलायचं ठरलंय. घड्याळाचं काम चांगलं चाललंय, पण त्यात असं अचंबित होण्यासारखं काही नाही. तो स्वतःच मला म्हणाला की जागा तुझीच. मी तोंडानं तसं काही नाही म्हटलं, मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

थकले आहे खूप. डोळे मिटले तरी ठिपका दिसतो. पण हा थकवा चालेल. बाबांना तू सांग, मी सांगितलं तर ते फक्त हं म्हणतील.

आनंदात आहे, तूही तशीच राहा.

भिंगरी

२५ मे

चि. भिंगरी,

अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, मग शिपायाला चहा पाजला. दादाला सांगितलं. तो हं म्हणाला.

मला आज फार लिहवत नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेवर देखरेख करून आले आहे. सकाळी रिकाम्या वर्गात पाऊल टाकलं तेव्हा छान गार होता. म्हटलं, चला, आज तरी बरं जाईल. पोरं येऊन बसली आणि बघता बघता वर्गाची भट्टी झाली. खिडक्या तशाच, पंखे तसेच, कुणी इकडचा कागद तिकडे केला नाही. नुसती बसली गं! शेवटी मी खुर्ची उचलून दाराबाहेर नेली आणि काचेतून त्यांच्यावर नजर ठेवली. प्राचार्य जाता जाता म्हणाले, मॅडम, देखरेख आतून करतात. मी म्हटलं, आत आणखी एक माणूस वाढवून उकाडा कशाला करू?

बैठकीत हळू बोल. तू घाईत बोललीस की शेवटची अक्षरं गिळतेस.

पुढच्या पत्रात चांगलीच बातमी येईल असं धरून चालले आहे.

आत्या

३ जून

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पेटीजवळ बसूनच वाचलं. नुसती बसली गं, या शब्दांपाशी आले आणि खुर्ची पेटीपासून मागे सरकवली. पत्र घडी करून ठेवलं, पाणी प्यायले, स्वतःला म्हटलं की वर्गात पोरं किती आणि इथे मी एकटी. पण आत्या, ती तार केसाइतकी आहे. आणि सकाळची खूण मी येऊन उभ्याउभ्या करते, खोली गार असताना. मग दिवसभर पेटीच्या उजव्या अंगाला खेटून बसते. ऊब उजवीकडून लागणार, पेटीतली हवा हलणार, दांडी ढकलली जाणार, आणि ठिपका डावीकडे जाणार.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. कुणाला कळलं नसतं. मग घड्याळाकडे पक्षी बघायची दुर्बीण होती ती मागून घेतली, खुर्ची बाहेर नेली आणि दाराच्या काचेतून पट्टी वाचत बसले. डावीकडचं हटणं गेलं. राहिलं ते बारीकसं, कधी इथे कधी तिथे, कुठल्याही जुन्या तारेसारखं. मुद्दाम पुन्हा आत जाऊन बसले, तर ठिपका आज्ञाधारकासारखा डावीकडे. तार साधीच आहे. शिस्त होती ती माझ्या रोज त्याच जागी बसण्याची.

घड्याळानं सगळं पाहिलं. म्हणाला, मी बोलणार नाही, तुझं तू ठरव. मला वाटत होतं तो खूश होईल. तो तर त्या दिवशी वेळेवर घरीसुद्धा गेला नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते माझ्याबरोबर दाराबाहेर उभे राहिले, एकदा मी आत असताना आणि एकदा नसताना. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, हे शोधलंस ते चांगलं काम आहे, पण ठेवायचं एकालाच आहे, आणि ज्याच्या कामातून पुढे काही निघतंय त्याला ठेवणं भाग आहे. दरवर्षी असंच कुणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि त्याची सवय होत नाही म्हणाले. फार थकलेले दिसले. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही.

आपल्याच अंगाची ऊब मोजत होते मी महिनाभर. हसू येतं आणि रडूही येतं. बाबांना सांग, क्लासच्या तारखेच्या आत पोचते.

रागावू नकोस.

भिंगरी

८ जून

चि. भिंगरी,

अ. उ. आ.

कशाला लिहिलं मी त्या परीक्षेबद्दल! उकाडा काय त्याच दिवशी पडला होता? चार ओळी आनंदाच्या लिहून गप्प बसले असते तर तुझी जागा तुझ्याकडे राहिली असती. हे वाक्य लिहिलं आणि लगेच कळलं की शिक्षिकेनं असलं काही लिहू नये. पण आत्यानं लिहिलंय, खोडत नाही.

तू केलंस तेच बरोबर होतं. बरोबर असूनही वाईट वाटतं, आणि ते वाटणं लवकर जात नाही, हे मी तुला आधीच सांगून ठेवते. काल पुढच्या सत्राच्या तयारीसाठी लोलक टांगला आणि काय शिकवायचं तेच सुचेना.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आज जाते.

आत्या

१२ जून

ती. आत्या,

शि. सा. न. वि. वि.

तू स्वतःला बोल लावू नकोस, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मी सगळ्यांसमोर माझ्याच अंगाच्या उबेवर भाषण दिलं असतं, आणि पुढच्या वर्षी घड्याळानं ते शोधून काढलं असतं. ते कसं वाटलं असतं?

सामान बांधायला घेतलं, दहाएक दिवसांत निघेन. खाटेखालची दुसरी चप्पल सापडली, दोन्ही तिथेच ठेवून येणार आहे. सरांनी माझ्याच हातानं कागदावर लिहून घेतलं की मोजणी चालू असताना आत कोणी बसू नये, आणि तो दारावर लावला. माझं संशोधन म्हणजे तो कागद. खाली नाव घालू का विचारलं, मी नको म्हटलं.

आता खरंच काही सुचत नाही. क्लासला जाईन. बँकेत निदान आपल्या बसण्यानं काही बिघडत नाही.

भेटू तेव्हा फार विचारू नकोस.

भिंगरी

१७ जून

चि. भिंगरी हिस,

अ. उ. आ.

तू तिथून निघण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून घाईत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

आपल्या प्रयोगशाळेच्या मागची मोडक्या बाकांची खोली आठवते? खिडकी नाही, वर्दळ नाही, भिंती जाड. मी प्राचार्यांकडे जाऊन ती मागितली. ते म्हणाले बाक कुठे ठेवायचे. मी म्हटलं माझ्या वर्गात ठेवा, पोरं उभी राहतील. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. खोली मिळाली. शेवटच्या वर्षाचा तुझा प्रकल्प तिथे होणार. तुझ्या सरांना मी पत्र घातलं होतं, या वेळी कौतुक नाही आणि वजाबाकीही नाही, फक्त ती तार मागितली. साधीच तार आहे, आम्हालाही साधीच चालते, असं लिहिलं. पाठवतो म्हणाले. तार हटते तर कशी हटते, हे आपण वर्षभर बघू. त्यातून मोठं काही निघेल असं मी सांगत नाही. पण कपाटातलं उतरवलेलं तरी नसेल.

दादाला सगळं सांगितलं. तो तावातावानं खोली बघायला आला, म्हणाला एक वर्ष, त्यापुढे एक दिवस नाही. मग त्यानं विचारलं, दार बंद असताना पोरीला आतलं दिसणार कसं. मी म्हटलं काच लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत घेऊन हजर. दाराला चौकोन पाडला, काच बसवली, आणि सगळा वेळ कुरकुरत होता की बसायचं बाहेर आणि बघायचं आत, हे कसलं शास्त्र! काच मात्र तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, हे मी मापून पाहिलं.

शेवटचं वर्ष बसून काढायचं म्हणत होते ना मी? आता तसंच काढायचंय, दाराबाहेर. दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, एक तुझी आणि एक माझी. आज कॉलेज सुटताना बघते तर तिथे तिसरी होती. दादाच्या ओट्यावरची, मोडक्या हाताला दोरी बांधलेली. मी त्याला काही विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

ये लवकर.

तुझी,
आत्या