चादरीच्या चुण्या

३ मार्च
पोचले एकदाची! नोकरी काय, तर चादर पांघरून आडवं पडायचं. आई असती तर म्हणाली असती, ही जागा खास तुझ्यासाठीच काढलेली दिसते. चित्रकार बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, नखांत कोळसा मुरलेला. वरच्या मजल्यावर भिंतभर खिडकी, समोर खाट. खालची हवेशीर खोली मला. सकाळी दोन तास काम, मध्ये विसावा. मजा आहे.

५ मार्च
बाई चादर ओली करून पिळतात, माझ्यावर टाकतात आणि काठीच्या टोकाने एकेक चुणी बसवतात. कापड काढायचं नसतं म्हणे, कापडाने धरलेलं माणूस काढायचं. खांदा, कमरेचं हाड, गुडघा, चवडा – तिथे ते ताणतं, बाकी नुसतं वाहतं. कोळशाची करकर ऐकता ऐकता माझा डोळा लागला. माझे हात बाजूला होते, चित्रात मात्र छातीवर दुमडलेले. दाखवलं तर म्हणाल्या, चादर पडते तशी मी काढते. विसाव्यात लिहायला ही वही आणि पेन्सिल उशीखालीच ठेवते आता.

८ मार्च
आज चहा घेताना बाई बोलल्या. त्या सतरा वर्षांच्या होत्या, धाकटी बहीण नऊ वर्षांची, तापाने फणफणलेली. आईने तिच्यापाशी बसायला सांगितलं. बसल्या बसल्या या तिचं चित्र काढू लागल्या. "चुण्या इतक्या सुरेख पडल्या होत्या गं, हलतच नव्हत्या. मला वाटलं, आज किती शहाण्यासारखी पडलीय." आई खोलीत आली तेव्हा कळलं. आईने ते चित्र जाळलं. तेव्हापासून तेच एक चित्र काढताहेत.
माझी आई गेली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात फोनवर कुणाशी तरी हसत होते.

१० मार्च
चित्रातलं माणूस आखूड झालंय. त्याचे चवडे माझ्या गुडघ्यांपाशी येतात.

११ मार्च
चादरीखाली माझ्या नडगीला एक टाच टेकली. एवढीशी. कढत.
बॅग भरली. बाईंनी दाराशी हात जोडले. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा चादर तिच्या श्वासाने हलताना दिसली, म्हणाल्या. "आता तिला एकटीला नको गं टाकूस."
बॅग खाली ठेवली.

१३ मार्च
एक हात माझा हात शोधत आला. धरला मी. रडू आलं – भीतीने, की –

१४ मार्च
बाईंनी विसावा म्हटलंच नाही. चादरीतून अंधूक दिसतंय – मान कलंडलीय, कोळसा जमिनीवर. हाका मारल्या. किती मारल्या. करकर थांबलीय.
उठता येत नाही. चादर खांद्यांवर, गुडघ्यांवर – दगडासारखी. वही कशीबशी ओढली.
पोरगी विचारते, ताई काढतेय ना अजून?

हो म्हटलं. तिला खरं वाटेना. आवाज नाही म्हणते. मुठीतला हात गार पडत चालला, आणि चादर माझ्या तोंडावर आवळत –

पेन्सिल चालवली की सैल होते. या आवाजाला ती ताईचा समजते. म्हणून लिहितेय. काहीही. खांदा. कमर. गुडघा. थांबले की गार –

माझ्या आईला कुणी सांगितलं असेल का, मी बाहेरच आहे म्हणून –

टोक झिजत आलं. लाकूड घासायला लागलंय. पुन्हा विचारते. हो गं बाळा, काढतेय, अजून काढते