दादाने लघवी तपासून घेण्याच्या अटीवर

धसक्याने, धसक्याने, धसक्याने! दादा, तुझ्या प्रत्येक पत्रात बाबा माझ्या धसक्यानेच मेलेले असतात. राघो एडनला पळाला, म्हातारा खचला, पाय सुजले आणि गेला. बरं. आता हे मृत्युपत्र आहे. साक्षीदारांसमोर लिहिलेलं आहे, त्यामुळे मधे तोंड घालता येणार नाही. एकदा तरी शेवटपर्यंत ऐक.

मी, राघो मारुती केणी, वय सव्वीस, राहणार कळवा, जिल्हा ठाणे, सध्या मुक्काम एडन, इथल्या मिठागरात पवनचक्क्या दुरुस्त करणारा, शाळा चौथीपर्यंत, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेलं नाही. डोकं तापलेलं आहे हे खरं, पण तापलेलं म्हणजे फिरलेलं नव्हे. पाठीवर काळपुळी झाली आहे आणि लघवीत साखर निघाली आहे. उद्या शुक्रवारी डॉक्टर कापणार. साखरवाल्याची जखम भरेल की चिघळेल याचा नेम नसतो, म्हणून आजच लिहितो.

कलम पहिलं, बाबांच्या मरणाबद्दल. आमच्या गोदामाचे कारकून त्र्यंबकराव शेजारी बसून मला कायद्याचे शब्द सांगतात. ते म्हणाले, "राघो, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, भांडणं नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे वडिलोपार्जित तेच जास्त आहे."

मी घर सोडलं त्याच्या कितीतरी आधीपासून बाबांच्या मोरीत मुंग्या लागत होत्या. टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं: साखर आहे, गोड बंद. रक्ताचा दाब चढलाय, मीठ कमी करा, सुकी मासळी आणि बिडी सोडा. बाबा पायऱ्या उतरताना हसत सुटले. "मिठागरवाल्याला मीठ बंद! उद्या कोळ्याला सांगेल, पाण्यात पाय घालू नको." आणि तू काय म्हणालास? "बाबा, डॉक्टर घाटावरचा आहे. तिकडे मीठ विकत घेतात, म्हणून त्याचा जीव तुटतो."

घरी आईने निकाल दिला, "गोराला खाराच मारतं रं." गोड रोगावर खारट उतारा! गूळ बंद केलात ते बरं केलंत. पण नव्या मिठाची पहिली चिमूट घरच्या कर्त्याने जिभेवर ठेवायची, ही आपली वर्षातून एकदाची रीत, तिचं तुम्ही रोजचं औषध केलंत. सकाळी उठून चिमूट, दुपारी खारा बांगडा, त्यावर बिडी. लघवीला फेस यायला लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, रोग बाहेर पडतोय. पाय सुजले तेव्हा म्हणालात, राघोची काळजी लागली. अरे, काळजीने माणूस वाळतो, सुजत नाही!

इथले डॉक्टर पारशी आहेत. त्यांनी माझी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. ती साखर. मग दुसऱ्या नळीत नुसतीच उकळली, ती स्वच्छ राहिली. म्हणाले, "ये अच्छा है. इसमें सफेदी आती तो समझो गुर्दा गलने लगा." गुर्दा म्हणजे मूत्रपिंड, असं त्र्यंबकराव सांगतात. मी बाबांचं सगळं सांगितलं, फेस, पाय, शेवटी तोंडसुद्धा सुजलं ते. ते म्हणाले, "काहे का धसका? गुर्दे गए थे उसके. शक्कर अकेली नहीं आती भाई, बारात लाती है."

ती वरात कोणाकोणाची, तेही त्यांच्याकडून विचारून घेतलं. वर्षानुवर्षं न आवरलेली साखर. चढलेला रक्तदाब, आणि त्याला चढवणारं मीठ. बिडी. सुटलेलं पोट. आणि घरात आधी कोणाचे गुर्दे गेले असतील तर मुलांनी दुप्पट जपायचं. साखरवाल्या सगळ्यांचेच जातात असं नाही, असंही म्हणाले. पण ज्याच्या दारात ही एवढी मंडळी जमली, त्याने झोपून राहू नये.

आता ऐक मी का पेटलोय. आपल्या आळीतला गोविंदा म्हात्रे, जो इथे माझ्याच खोलीत राहतो, तो गेल्या आठवड्यात सुट्टीवरून परत आला.

"दादा कसा आहे?"

"मजेत. पोट सुटलंय. सकाळी डोळे सुजलेले असतात, पण दुपारपर्यंत उतरतात."

"आणि मोरीत मुंग्या?"

"मालन वहिनी रोज राख टाकते."

"डॉक्टरकडे गेला होता?"

"कशाला? सकाळची चिमूट चुकवत नाही तो. बाबांसारखं होऊ नये म्हणून फार जपतो, म्हणाला."

आणि असं म्हणून त्याने पिशवीतून खाऱ्या बांगड्याची बरणी काढली. साखर निघाल्याचं मी घरी कळवलं होतं, म्हणून आईने पाठवलेली. राघोच्या साखरेवर! आई, तू मायेने पाठवलंस हे मला कळतं, पण माझ्या रागाला ते कळत नाही. बरणी मी इथल्या मांजरांना दिली. त्यांना साखर नाही.

कलम दुसरं. वाटणीत माझ्या नावावर आलेला मिठागरातला खाडीकडचा तुकडा मी दादाला देत नाही. तो मालन वहिनीला देतो. दादाने लघवी दोन्ही तऱ्हेने तपासून घेतली, रक्तदाब मोजला, आणि डॉक्टर सांगतील तसं वर्षभर वागला, तर वहिनीने वाटल्यास त्याला त्यात पाय ठेवू द्यावा. वागला की नाही हे वहिनीने ठरवायचं. त्याचं स्वतःचं सांगणं पुरावा म्हणून धरू नये.

कलम तिसरं. घरातली माझी खोली आई आहे तोवर आईची. त्या खोलीत सुकी मासळी टांगू नये.

कलम चौथं. माझे पाने आणि हातोड्या गोविंदाला. त्याने त्या आताच न विचारता वापरायला घेतल्या आहेत, तेव्हा फार फरक पडणार नाही.

कलम पाचवं. माझी सायकल दादाला, बिनशर्त. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून टेंभी नाक्यावर जायला वाहन नव्हतं, ही सबब मला मेल्यावर ऐकायची नाही.

कलम सहावं. नव्या मिठाची पहिली चिमूट यापुढे खाडीला वाहावी. खाडीला रक्तदाब नाही. रीत मोडा असं मी म्हणत नाही, मीही मिठावरच वाढलोय आणि इथेही मिठाचंच खातोय. पण रीत सणाला पाळतात. रोज सकाळी पाळली की ती माणूस खाते.

कलम सातवं. मी उद्या मेलो तर काळपुळीने मेलो, असं लोकांना सांगावं. साखर होती, तेही लपवू नये, दादाच्या पोरांना ते माहीत असायला हवं. आणि राघो घरच्या आठवणीने झुरून मेला असं जो म्हणेल, त्याला माझ्या तेराव्याचं जेवण वाढू नये. त्र्यंबकराव म्हणतात, असं कलम कोर्टात टिकत नाही. आळीत टिकेल.

वरचं सगळं मी माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं.

सही: राघो मारुती केणी

साक्षीदार:
१. गोविंदा हिरू म्हात्रे, राहणार कळवा (हातोड्यांबद्दलचं मान्य नाही, बाकी सही)
२. त्र्यंबक गुरुदत्त प्रधान, राहणार डोंबिवली

मुक्काम एडन, ता. ११ मार्च १९५४

ता. क. त्र्यंबकराव आत्ता सांगतात की मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. दादा, मी मरेन की जगेन ते उद्या कळेल, पण तुझे डोळे आज सकाळीही सुजले असतील. म्हणून याची नक्कल आजच टपालात टाकतो. सोबत मालन वहिनीच्या नावाने मनिऑर्डर, दादाच्या दोन्ही तपासण्या आणि डॉक्टरांची फी यासाठी. दुसऱ्या कशालाही खर्च करू नये. मी जगलो तर पुढच्या महिन्यात आणखी पाठवीन. आज पाठवतो ते रुपये पस्तीस.