टाकीच्या काठावरची हवा

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

तुझी आई रोज मला बोल लावते. काल पुन्हा म्हणाली, "तुझी जीभ आहे की कातर? भर कार्यक्रमात पोरीचं नाक कापलंस." मी म्हटलं, ताई, तिचं नाक शाबूत आहे, मला काळजी त्या टाकीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्यांच्या नाकाची आहे. तिने फोन आपटला. तुमच्या घरात फोन आपटायची पद्धत जुनीच आहे.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पेपर घेते, तीच ओळ पुन्हा वाचते, उठते, खिडकी उघडते, वारा येतो म्हणून लावते, कोंडल्यासारखं होतं म्हणून परत उघडते. परवा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बसायच्या खोलीतला पंखा हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ढकलत होता. डॉक्टर म्हणाला, "आजी, आ करा." मी म्हटलं, आधी तो पंखा उलटा बसवलाय तो सुलटा करा, मग आ करते. कारखान्यांतली हवा खेळती ठेवायच्या कामातून निवृत्त झाले तरी डोळे काही निवृत्त होत नाहीत, त्याला मी काय करू?

आता त्या दिवसाबद्दल. धातूवर मुलामा चढवायचा नवा कारखाना, तिथली वाफ बाहेर काढायची आखणी हे तुझं पहिलं मोठं काम, आणि प्रमुख पाहुणी म्हणून मी. कोण खूश होतं सांगू? मी! चांगले कपडे घातले, केस नीट बसवले, भाषण पाठ केलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, कौतुक करायचं तर ताठ उभं राहून करावं. ताठ उभी राहायलाच आले होते. आत शिरले आणि टाकीवर छताखाली टांगलेलं ते भलंमोठं हूड पाहिलं. भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

हूड कसं ओढतं ते दाखवायला मालकाने धुराची कांडी पेटवून टाकीत धरली. धूर सरळ वर गेला, हुडात शिरला, दिसेनासा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिसायला छानच दिसतं ते. पण टाकीपाशी माणूस नुसता उभा राहत नाही ना ग! हुकाला अडकवलेले भाग बुडवायला, काढायला तो टाकीवर वाकतो. खाली आम्लाची वाफ, वर ओढणारं हूड, आणि मधोमध त्याचं तोंड. म्हणून मी कांडी मालकाच्या हातातून घेतली, टाकीत धरली आणि कामगार वाकतात तशी वाकले. नशीब, त्या दिवशी टाकीत साधं पाणी होतं. ठसका आवरल्यावर जे बोलले ते तू ऐकलंसच: "वाजवा टाळ्या, धूर व्यवस्थित निघतोय. फक्त माझ्या नाकातून." लोक हसले. तू दार लोटून निघून गेलीस.

ते वाक्य बोलायला नको होतं, असं तुझी आई म्हणते. मी तसं म्हणत नाही. तुला बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं, तर तू मान डोलावली असतीस, मालकाने "बघू" म्हटलं असतं, आणि ते "बघू" कामगारांच्या नाकाला जखमा होईपर्यंत चाललं असतं. हा धंदा मी जन्मभर केलाय. "बघू" म्हणणारे मालक मला चेहऱ्यावरून कळतात.

पण माझ्या संतापाचं मूळ वेगळंच आहे, आणि ते तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. तू चुकलीस म्हणून मी चिडले नाही. तू चुकलीच नव्हतीस. उन्हाळ्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या टेबलावर याच कारखान्याचं पहिलं ड्रॉइंग होतं. त्यात हूड नव्हतं. टाकीच्या मागच्या काठाला हवा ओढणारी लांबच्या लांब फट होती, म्हणजे वाफ वर चढायच्या आतच आडवी ओढली जाणार, तोंडापर्यंत पोचणारच नाही. मी ते तुझ्या नकळत पाहिलं आणि घरी जाईपर्यंत एकटीच हसत होते. मग मालक म्हणाला असेल, काठ अडतो, जागा खाते, पंखा मोठा लागतो. आणि तू "बरं" म्हणालीस. लहानपणी मला हिशेबातली चूक दाखवून "मावशी, हरलीस!" म्हणत घरभर नाचणारी तू! न येणाऱ्याला शिकवता येतं. येत असून गप्प बसणाऱ्याचं मी काय करू?

आता पत्राचं कारण. काल सकाळी तो मालक माझ्या घरी आला होता. चहा प्याला, गुंडाळलेली ड्रॉइंग्ज टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, टाक्यांत आम्ल भरणं थांबवलंय. तुम्हीच दुरुस्त करून द्या. ती मुलगी कच्ची आहे." मी त्याला सांगितलं, कच्ची नाही, तुमच्यापुढे मऊ पडली, तिचं पहिलं ड्रॉइंग मागून घ्या. पण खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले माझे. उत्तर सोमवारी देते म्हणून त्याला वाटेला लावलंय. तेव्हा सोमवारी सकाळी ते पहिलं ड्रॉइंग घेऊन तू त्याच्या दारात उभी राहा. त्याने कटकट केली तर मला बोलाव. मी शेजारी गप्प उभी राहीन, निदान प्रयत्न करीन. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, त्याच्याशी बोल. पण तू गेली नाहीस, तर ते काम मी घेईन, ठमे, आणि चांगलं करीन. तुझा रुसवा जाईपर्यंत ती माणसं श्वास रोखून थांबू शकत नाहीत.

तू बोल अथवा न बोल, तुझीच,
मावशी